चार विजेतेपदे, बारा वर्षे : ग्लेन मिचिबाटा यांच्या कारकिर्दीचा मागोवा

ग्लेन मिचिबाटा हे कॅनडाचे माजी व्यावसायिक टेनिसपटू. जन्म १३ जून १९६२, टोरांटो. वंशाने जपानी. १९८० चे दशक आणि १९९० ची सुरुवातीची काही वर्षे ते व्यावसायिक सर्किटवर खेळले. दुहेरीच्या जागतिक क्रमवारीत पाचव्या स्थानापर्यंत गेले आणि २००० पासून २०१२ पर्यंत अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या पुरुष संघाचे मुख्य प्रशिक्षक होते. दुहेरीतली त्यांची विजेतेपदे चारच. आकडा छोटा आहे खरा, पण कॅनडाच्या दुहेरीची जी परंपरा पुढे ऑलिंपिक सुवर्णपदकापर्यंत पोहोचली, तिची सुरुवात शोधू गेल्यास मिचिबाटा यांच्यापाशी थांबावे लागते.

मिचिबाटा वाढले त्या काळात कॅनडात टेनिस हा दुय्यम खेळ होता. हिवाळा लांबलचक, उघड्या कोर्टांचा हंगाम जेमतेम काही महिन्यांचा, आणि लोकांचे सगळे प्रेम आइस हॉकीवर. माँट्रियलचे राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र सुरू झाले ते थेट २००७ मध्ये. त्याआधीच्या पिढीतल्या गुणी मुलामुलींची वाट ठरलेली असे : सीमा ओलांडायची आणि अमेरिकेतल्या विद्यापीठाच्या संघात शिरायचे. ग्रँट कॉनेल टेक्सासला गेले, जिल हेदरिंग्टन फ्लोरिडाला. मिचिबाटा यांनी कॅलिफोर्नियातले पेपरडाइन विद्यापीठ गाठले.

मालिबूच्या उतारावर, प्रशांत महासागराकडे तोंड करून वसलेले पेपरडाइन विद्यार्थिसंख्येने छोटे. टेनिसमध्ये मात्र तो काळ त्याच्या भरभराटीचा होता. प्रशिक्षक होते ॲलन फॉक्स. ते स्वतः १९६५ मध्ये विम्बल्डनची उपांत्यपूर्व फेरी खेळलेले होते आणि सामन्यातल्या मानसिक बाजूवर लिहिणारे म्हणून पुढे ओळखले गेले. संघात ब्रॅड गिल्बर्टही होते, ज्यांनी नंतर आंद्रे अगासीला घडवले. १९८२ मध्ये हा संघ राष्ट्रीय विद्यापीठ स्पर्धेच्या अंतिम फेरीत गेला आणि यूसीएलएकडून १–५ असा हरला. त्या वेळी सांघिक लढतीला नऊ गुण असत : आधी एकेरीचे सहा सामने, मग दुहेरीचे तीन. एकेरीतच पाच गुण गेल्यामुळे दुहेरीच्या सामन्यांना अर्थच उरला नाही. पुढे दुहेरीत नाव काढणाऱ्या खेळाडूच्या विद्यार्थिदशेतली सर्वांत मोठी लढत अशी दुहेरीविनाच संपली.

१९८३ मध्ये मिचिबाटा व्यावसायिक झाले. सुरुवातीची वर्षे त्यांनी एकेरीला दिली, आणि ती वाया गेली असे म्हणता येणार नाही : १९८६ मध्ये ते एकेरीच्या क्रमवारीत ४८ व्या स्थानावर होते. पहिल्या पन्नासात असले की ग्रँड स्लॅमच्या मुख्य फेरीत थेट प्रवेश मिळतो आणि पोटापाण्याची सोय होते. पण तिथून पहिल्या विसात शिरायला एखादा जबर फटका हाताशी लागतो. बेकर, एडबर्ग, लेंडल यांच्या त्या जमान्यात अशा मधल्या क्रमांकाच्या खेळाडूपुढे दोनच पर्याय असत : आहे तिथे टिकून राहणे, नाहीतर दुहेरीकडे वळणे. मिचिबाटा दुहेरीकडे वळले. त्यांच्या कारकिर्दीतला हा सर्वांत शहाणपणाचा निर्णय मानावा लागेल.

जोडीदार मिळाला तो ग्रँट कॉनेल. तीन वर्षांनी धाकटा, रिजायनात जन्मलेला, व्हँकूव्हरच्या परिसरात वाढलेला आणि डावखुरा. मिचिबाटा उजव्या हाताने खेळणारे. दुहेरीत डाव्या-उजव्याची ही सांगड किती मोलाची असते, हे थोडे जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. उजव्या हाताच्या खेळाडूची स्लाइस सर्व्हिस उजव्या बाजूने केली की रिटर्न करणाऱ्याला कोर्टाबाहेर ओढते. डावखुऱ्याची तीच सर्व्हिस डाव्या बाजूने ओढते. दर दोन सर्व्हिस गेमांत चेंडूची फिरकी उलटी होते आणि समोरच्याला लय सापडत नाही. दुसरा फायदा उन्हाचा. दुहेरीत सर्व्हिसची पाळी चौघांत फिरते आणि बाजू विषम गेमनंतर बदलतात. या हिशेबाने एका सेटमध्ये प्रत्येक खेळाडूला दर वेळी एकाच टोकाकडून सर्व्हिस करावी लागते. चेंडू वर फेकताना एकाच्या डोळ्यांवर जे ऊन येते ते दुसऱ्याच्या येत नाही, कारण दोघांचे हात वेगळे. जोडीत डावखुरा असेल तर कोणते टोक कोणाला द्यायचे, हे सेट सुरू होण्याआधीच ठरवता येते. दूरचित्रवाणीवर यातले काही दिसत नाही. कोर्टवरच्या चौघांना मात्र पहिल्या गेमपासून जाणवते.

या जोडीचा सर्वांत मोठा दिवस आला जानेवारी १९९० मध्ये, मेलबर्नच्या फ्लिंडर्स पार्कवर. ऑस्ट्रेलियन ओपनच्या पुरुष दुहेरीच्या अंतिम फेरीत त्यांच्यासमोर दक्षिण आफ्रिकेचे पीटर ऑल्ड्रिच आणि डॅनी विसर होते. पहिला सेट ४–६ गेला, दुसरा कॅनडाच्या जोडीने ६–४ असा परत मिळवला, तिसऱ्यात ती १–६ अशी कोसळली आणि चौथा पुन्हा ४–६. हरण्यात कमीपणा नव्हता. ऑल्ड्रिच-विसर यांनी त्याच वर्षी अमेरिकन ओपनही जिंकली. दोन्ही खेळाडू कॅनडाचेच असलेली जोडी ग्रँड स्लॅमच्या अंतिम फेरीत उभी राहिली, ही त्या दिवसाची खरी कमाई. नंतर कॅनडाच्या खेळाडूंनी पुरुष दुहेरीची ग्रँड स्लॅम विजेतेपदे भरपूर मिळवली, पण जोडीदार दर वेळी परदेशी : सेबास्तियन लारोचा अमेरिकन, डॅनियल नेस्टरचे बहामाज, सर्बिया आणि बेलारूसचे, व्हासेक पोस्पिसिलचा पुन्हा अमेरिकन.

१९९० च्याच उन्हाळ्यात मिचिबाटा-कॉनेल यांनी वॉशिंग्टनची स्पर्धा जिंकली. अंतिम सामन्यात होर्हे लोझानो आणि टॉड विट्स्केन यांना तीन सेटमध्ये हरवले. पुढच्या वर्षी ते घरच्या कॅनेडियन ओपनच्या अंतिम फेरीत पोहोचले आणि तिथे पॅट्रिक गॅलब्रेथ आणि विट्स्केन यांच्याकडून हरले. १९९१ मध्येच मिचिबाटा क्रमवारीत पाचव्या स्थानावर आले. शिखर ते हेच.

डेव्हिस कपमधली कामगिरी क्रमवारीच्या आकड्यांत मावत नाही. त्या काळी या स्पर्धेच्या लढतीत एकेरीचे चार आणि दुहेरीचा एक असे पाच सामने असत. एकेरीत दुबळ्या देशाला दुहेरीचा गुण हमखास हवा असे, नाहीतर गणित जमतच नसे. कॅनडाची स्थिती नेमकी तशी होती. १९९० मध्ये नेदरलँड्सला हरवून कॅनडा पहिल्यांदाच जागतिक गटात पोहोचला. १९९१ मध्ये मुर्सियात स्पेनकडून १–४ असा पराभव झाला. १९९२ मध्ये व्हँकूव्हरला स्वीडनशी लढत २–३ अशी निसटली. त्याच लढतीत क्रमवारीत २३८ व्या स्थानावर असलेल्या एकोणीस वर्षांच्या नेस्टरने स्टीफन एडबर्गला हरवले. कॅनडाच्या दुहेरीची पुढची पिढी त्या दिवशी जगाला दिसली.

मिचिबाटा यांची व्यावसायिक कारकीर्द १९९३ मध्ये संपली. कॉनेल पुढे गेले. त्यांनी नवा जोडीदार निवडला तो गॅलब्रेथ, म्हणजे कॅनेडियन ओपनमध्ये त्यांना हरवणाऱ्या जोडीतला एक, आणि तोही डावखुरा! डाव्या-उजव्याचे वर सांगितलेले सगळे शास्त्र गुंडाळून ठेवून ही डावखुऱ्यांची जोडी १९९३ आणि १९९४ मध्ये विम्बल्डनची अंतिम फेरी खेळली. १९९३ च्या अखेरीस कॉनेल दुहेरीत जगात पहिले झाले. मिचिबाटा यांच्यासोबत त्यांना पहिला क्रमांक मिळाला नाही, हे नोंदवायलाच हवे. पण कॉनेल आघाडीचे दुहेरीपटू म्हणून घडले ते मिचिबाटा यांच्या बाजूला उभे राहून, हेही तितकेच खरे.

यानंतरचा कॅनडाचा प्रवास मराठी वाचकाला थोडाफार ठाऊक असतो, कारण त्यात भारतीय नावे येतात. १९९९ मध्ये लिअँडर पेस आणि महेश भूपती चारही ग्रँड स्लॅमच्या अंतिम फेऱ्या खेळले. त्यातली अमेरिकन ओपनची फेरी ते हरले ती लारो आणि ॲलेक्स ओब्रायन यांच्याकडून. दुसऱ्या वर्षी सिडनी ऑलिंपिकमध्ये लारो-नेस्टर यांनी घरच्या प्रेक्षकांपुढे खेळणाऱ्या वुडब्रिज-वुडफर्ड यांना चार सेटमध्ये नमवून सुवर्णपदक मिळवले. नेस्टर डावखुरा, लारो उजवा; समोर वुडफर्ड डावखुरा, वुडब्रिज उजवा. दहा वर्षांपूर्वी मिचिबाटा-कॉनेल यांनी कॅनडात रुजवलेला साचाच त्या दिवशी जाळीच्या दोन्ही बाजूंना उभा होता.

सिडनीचे पदक आले त्याच वर्षी मिचिबाटा यांनी प्रिन्स्टनची जबाबदारी घेतली. आधीचे प्रशिक्षक डेव्हिड बेंजामिन तिथे १९७४ पासून होते; म्हणजे सव्वीस वर्षे ते पद सांभाळलेल्या माणसाच्या जागेवर जायचे होते. प्रिन्स्टन हे आयव्ही लीगमधले विद्यापीठ. या आठ विद्यापीठांत खेळासाठी शिष्यवृत्ती मिळत नाही. अमेरिकेच्या पहिल्या श्रेणीतल्या इतर विद्यापीठांना तेव्हा पुरुष टेनिससाठी साडेचार शिष्यवृत्त्यांची मुभा होती. प्रशिक्षक त्या सहा-आठ मुलांत वाटून संघ बांधत. प्रिन्स्टनच्या प्रशिक्षकाच्या हाती ते हत्यारच नाही. त्याला अभ्यासातही पुरा पडेल असा मुलगा शोधावा लागतो आणि दक्षिणेतल्या ऊनवाऱ्याचे आमिष सोडून न्यू जर्सीच्या थंडीत यायला त्याला राजी करावे लागते. तिथला वसंत हंगाम निम्मा बंदिस्त कोर्टांवरच जातो. टोरांटोत वाढलेल्या माणसाला याचे नवल वाटण्याचे कारण नव्हते.

दरम्यान विद्यापीठ टेनिसचे नियमही बदलले होते. नऊ गुणांची लढत सात गुणांची झाली होती. दुहेरीचे तिन्ही सामने तेव्हा आधी, शेजारच्या तीन कोर्टांवर एकाच वेळी, आठ गेमच्या एकेका सेटचे होत. तिनांतले दोन जिंकणाऱ्या संघाला मिळून एक गुण मिळे. मिचिबाटा पेपरडाइनकडून खेळत तेव्हा दुहेरीचा वाटा नवांपैकी तीन होता, ते शिकवू लागले तेव्हा सातांपैकी एक. कागदावर दुहेरी घसरली. प्रत्यक्षात मात्र लढतीची सुरुवातच तिने होत असल्यामुळे पहिला गुण ज्याचा, त्याची मुले एकेरीला मोकळ्या मनाने उतरतात. विद्यापीठ टेनिसमध्ये बाजू बदलताना प्रशिक्षकाला खेळाडूशी बोलताही येते. पुरुषांच्या व्यावसायिक स्पर्धांत त्या काळी ही मुभा नव्हती. आठ गेमच्या सेटमध्ये एक सर्व्हिस गमावली की सावरायला वेळ मिळत नसे, आणि तिन्ही कोर्टांवर एकाच वेळी नजर ठेवायची असे. दुहेरी अंगात मुरलेल्या प्रशिक्षकाचा उपयोग या पाऊण तासात सर्वाधिक होई.

या बारा वर्षांत प्रिन्स्टनमधून व्यावसायिक टेनिसपटूंची रांग लागली नाही, आणि तशी अपेक्षाही कोणी ठेवली नव्हती. आयव्ही लीगची बहुतेक मुले चार वर्षे खेळून वित्त, कायदा, वैद्यक अशा क्षेत्रांत जातात. मिचिबाटा यांच्या संघातल्या मुलांपैकी मातिया पेकोटिचचे नाव मात्र पुढे गाजले. बेलग्रेडमध्ये जन्मलेला आणि माल्टात वाढलेला हा क्रोएशियन मुलगा २००९ मध्ये प्रिन्स्टनला आला आणि आयव्ही लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. २०१२ मध्ये मिचिबाटा यांनी पद सोडले आणि बिली पेट त्यांच्या जागी आले, तेव्हा पेकोटिचचे एक वर्ष बाकी होते.

पेकोटिचने काही वर्षे व्यावसायिक सर्किटवर काढली, मग व्यवस्थापनाची पदवी घेऊन तो फ्लोरिडात गुंतवणुकीच्या क्षेत्रात नोकरीला लागला. फेब्रुवारी २०२३ मध्ये डेलरे बीचच्या स्पर्धेत तो पात्रता फेरीतून मुख्य फेरीत आला. वय तेहेतीस, क्रमवारीत स्थान ७८४. पहिल्या सामन्यात समोर होता जॅक सॉक, म्हणजे २०१४ मध्ये पोस्पिसिलसोबत विम्बल्डनची दुहेरी जिंकणारा तो अमेरिकन. पहिला सेट ४–६ गमावून पेकोटिचने पुढचे दोन ६–२, ६–२ असे जिंकले. दुसऱ्या फेरीत मार्कोस गिरॉनने त्याला हरवले. नोकरी त्याने सोडलेली नव्हती.