काखेतीतले शनिवार-रविवार

परदेशात स्वयंसेवक म्हणून जायचं ठरलं की तरुण मंडळी माझ्याकडे चौकशीला येतात. प्रश्न बहुतेक कामाबद्दलचे असतात: वर्गात मुलं किती, भाषा येत नसेल तर निभावायचं कसं. मी आधी विचारते, शनिवार-रविवार कुठे घालवणार? भाड्याच्या खोलीत राहिलात तर ते दोन दिवस भटकण्यात जातील. एखाद्या घरात राहिलात तर त्याच दोन दिवसांत तिथली माणसं कळतील. जॉर्जियाच्या पूर्वेकडच्या काखेती प्रांतात एका शेतकरी कुटुंबात राहून मी गावच्या शाळेत इंग्रजी शिकवलं, तेव्हापासून माझं हे मत पक्कं आहे.

अशी सोय तिथे चांगली रुळलेली आहे. अमेरिकेच्या पीस कोअरचे स्वयंसेवक २००१ साली जॉर्जियात पोचले. २०१० मध्ये सरकारनं स्वतःच ‘टीच अँड लर्न विथ जॉर्जिया’ ही योजना काढून परदेशी इंग्रजी शिक्षकांना गावोगावच्या कुटुंबांत ठेवलं. एवढी पार्श्वभूमी पुरे.

सोमवार ते शुक्रवार मी त्या घरात पाहुणी असे. ताट उचलायला गेले तरी आजी हात धरून खाली बसवायच्या. मग सप्टेंबरअखेर रत्वेली, म्हणजे द्राक्षांची तोडणी सुरू झाली आणि त्या शनिवारी मला कुणी ‘बसा’ म्हणालं नाही. तिबिलिसीत नोकरी करणारी मुलं, सुना, नातवंडं आदल्या रात्रीच घरी आली होती. माझ्या हातात कात्री आणि बादली देऊन मला एका ओळीला लावून दिलं. समोर अलाझानी नदीचं खोरं, पलीकडे कॉकेशसच्या रांगा आणि वेलींवर पिकून पिवळी पडलेली रकात्सितेली जातीची द्राक्षं.

पण माझा जीव जडला तो मरानीवर. घरात जिथे वाइन होते ती ही खोली. आत शिरल्यावर नुसती जमीन आणि तिच्यात गोल तोंडं दिसतात. त्या तोंडांखाली क्वेव्री पुरलेल्या असतात: अंड्याच्या आकाराचे, तळाशी निमुळते होत गेलेले मातीचे मोठाले रांजण, आतून मेणाचा हात दिलेले. आजोबांनी मला एक रिकामी क्वेव्री धुवायला दिली. लांब काठीच्या टोकाला चेरीच्या सालींची चवड बांधलेली असते. तिनं आतली भिंत घासायची, पाणी उपसायचं, पुन्हा घासायचं. उपसलेलं पाणी पिण्याइतकं नितळ दिसेपर्यंत आजोबा सोडत नव्हते. रत्वेलीला जाणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते, द्राक्षं तोडायला सगळेच धावतात, तुम्ही हे काम मागून घ्या.

धुतलेल्या क्वेव्रीत रसाबरोबर सालं, बिया आणि पिकलेले देठसुद्धा जातात. बाहेरून यीस्ट घालत नाहीत. द्राक्षांबरोबर जे येतं तेवढं पुरतं. आंबताना सालं वर येतात, ती दिवसातून अनेकदा काठीनं खाली दाबावी लागतात. आंबणं थांबलं की सगळं तळाशी बसू लागतं, आणि तळ निमुळता का, ते तेव्हा समजतं. बिया टोकाशी जाऊन बसतात, वर गाळाचा थर येतो, आणि बियांचा कडूपणा वाइनमध्ये फारसा उतरत नाही. मग तोंडावर झाकण ठेवून ते ओल्या मातीनं लिंपायचं. जमिनीखाली गारवा सारखा राहतो. पांढऱ्या द्राक्षांची ही वाइन सालींमुळे मधाच्या रंगाची होते.

तिबिलिसीच्या दक्षिणेला गदाचरिली गोरा आणि शुलावेरी गोरा इथल्या खापरांवर इसवीसनपूर्व ६००० च्या सुमाराच्या द्राक्षवाइनचे अंश मिळाल्याचं २०१७ साली प्रसिद्ध झालं. क्वेव्रीची पद्धत २०१३ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली. मला मात्र सोव्हिएत काळाचं नवल अधिक वाटतं. सरकारी कारखाने मोजक्या जातींची वाइन बेसुमार काढत होते, आणि जुनी रीत चालू राहिली ती घरांच्या मरानीत, घरच्यांपुरती. म्हणून ती बघायची तर कुणाच्या तरी घरीच जायला हवं.

संध्याकाळी द्राक्षवेलींच्या काटक्यांवर मांस भाजलं गेलं आणि सुप्रा बसली. सुप्रा म्हणजे मेजवानी, पण तिला शिस्त असते. तामादा नावाचा प्रमुख एकेक विषय घेऊन बोलतो: शांतता, पूर्वज, मुलंबाळं, पाहुणे. तो बोलल्याशिवाय पेला ओठाला लावायचा नाही. मी दारू घेत नाही, म्हणून आजोबांनी माझ्या पेल्यात ताजा द्राक्षरस ओतला आणि पुढे प्रत्येक सुप्रेत तोच माझा पेला ठरला. मध्येच तामादा आपला विषय दुसऱ्याकडे सोपवतो. त्या रात्री पूर्वजांचा विषय माझ्याकडे आला, आणि मी जुन्या गोव्याची गोष्ट सांगितली.

काखेतीची राणी केतेवान हिला धर्म सोडत नाही म्हणून १६२४ साली शिराझमध्ये शाह अब्बासनं हालहाल करून मारलं. ऑगस्टिनियन पाद्र्यांनी तिचे अवशेष गोव्याला आणले. जुन्या गोव्यातल्या सेंट ऑगस्टिनच्या भग्न मठात पुरातत्त्व खात्याला सापडलेलं हाड तिचंच असावं, असं हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतल्या डीएनए तपासणीतून दिसलं, आणि २०२१ च्या जुलैत भारतानं त्या अवशेषांचा काही भाग जॉर्जियाला दिला. त्या मठाचा उंच मोडका मनोरा मी कितीदा पाहिलेला आहे, हे सांगितल्यावर आजींनी उठून माझ्या कपाळाचं चुंबन घेतलं. टेबलाशी बसलेल्या एका नातीचं नाव केतेवान होतं.

मग पुरुष गायला लागले. बाकीचे खालचा एक सूर धरून ठेवतात आणि त्यावर दोघं वेगवेगळ्या चालींनी फिरत जातात. काखेतीचं ‘चाक्रुलो’ हे असंच गाणं. १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत ते अवकाशात गेलं.

रविवारी सकाळी चर्च, आणि नंतर अंगणात चुर्चखेला. अक्रोड दोऱ्यात ओवायचे, द्राक्षरसात पीठ घालून पिठल्यासारखं शिजवायचं, त्यात त्या माळा बुडवून वाळत टांगायच्या. दुपारच्या जेवणाला वांग्याच्या कापांत अक्रोडाचं वाटण होतं आणि त्यात मेथीच्या जातीचा एक मसाला, धणे आणि झेंडूच्या वाळलेल्या पाकळ्यांची पूड. दसऱ्याच्या तोरणातला झेंडू इतका रुचकर असतो, हे मला आजींच्या स्वयंपाकघरात कळलं. शाकाहारी माणसानंही जॉर्जियाला घाबरू नये. ऑर्थोडॉक्स उपासाच्या दिवसांत मांस, दूध, अंडी सगळंच वर्ज्य असतं, त्यामुळे घरोघरच्या बायकांना असा स्वयंपाक पाठ असतो.

जाणाऱ्यांना माझं एक आग्रहाचं सांगणं आहे. शाळा सप्टेंबरच्या मध्याला सुरू होतात, तेव्हाच पोचा, आणि नाताळाला परतायचा बेत करू नका. लिंपलेल्या क्वेव्री वसंतात उघडतात. आपण घासलेली क्वेव्री कशी निघाली, हे आजोबा पहिला पेला भरून सांगतात, आणि त्या शनिवारी तुम्ही तिथे असायला हवं.