दुरुस्त झालेली गाडी डावीकडे का ओढते?

रिसर्चची तयारी करताना ‘कंट्रोल’ हा शब्द तुम्ही शंभरदा ऐकला असेल. आज तो गॅरेजमध्ये जाऊन समजून घेऊ.

माझ्या मामाच्या गाडीचं पुढचं डावं चाक एका वळणावर रस्त्याकडेच्या दगडी कट्ट्यावर आदळलं. गॅरेजवाल्याने फेंडर, बंपर आणि खालचा आर्म बदलला, डेंटिंग-पेंटिंग केलं. गाडी नव्यासारखी दिसायला लागली, पण चालवताना डावीकडे ओढायची. तीनदा व्हील अलाइनमेंट करून झालं. शेवटी उत्तर मिळालं, “साहेब, रस्त्यालाच उतार आहे.” मामाने मला फोन केला, “तू पीएचडी करतेस ना, मग सांग बघू!”

आता तुम्ही काय कराल? लक्षण एक आहे, पण कारणं चार असू शकतात: रस्ता, टायर, ब्रेक किंवा वाकलेला पार्ट. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

आधी रस्ता. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता कडेला उतरता बांधतात. आपण डाव्या बाजूने चालतो, म्हणून थोडी डावी ओढ साहजिक आहे. पण सपाट, मोकळ्या मैदानावरही मामाची गाडी डावीकडेच जात होती. रस्ता सुटला.

मग टायर. पुढचे दोन टायर आपापसात बदलले (टायर एकाच दिशेने फिरणारे नसतील तरच हे करा). दोष टायरचा असता तर ओढ उजवीकडे गेली असती. ती तिथेच राहिली. ब्रेकही अडकत नव्हता, चाक हाताने मोकळं फिरत होतं.

उरला वाकलेला पार्ट. मग तीन अलाइनमेंटमध्ये तो का सापडला नाही? बऱ्याच छोट्या गाड्यांच्या पुढच्या चाकांना फक्त ‘टो’ ॲडजस्ट करता येतो, म्हणजे वरून पाहिलं तर चाकं किती आत किंवा बाहेर वळली आहेत ते. समोरून दिसणारा चाकाचा कल, म्हणजे ‘कँबर’, तिथे बदलता येत नाही. टो बरोबर आला की काम संपलं असं समजलं जातं. पण गाडी जास्त बाहेर झुकलेल्या चाकाकडे ओढते. डाव्या-उजव्या कँबरमध्ये अर्ध्या अंशाचा फरक असला तरी स्टिअरिंगवर तो जाणवू शकतो.

आम्ही रिपोर्टचा कागद मागितला. डावं चाक वरून बाहेर झुकलेलं होतं. पण नक्की काय वाकलंय? इथे दुसरं माप लागतं. चाक ज्या तिरप्या अक्षावर वळतं, त्याचा कल आणि कँबर यांची बेरीज करा. ही बेरीज स्ट्रट आणि नकल यांच्या घडणीवर ठरते. ती दोन्ही बाजूंना सारखी असेल तर ते दोन्ही शाबूत आहेत, त्यांची बसायची जागा सरकली आहे. बेरीज वेगळी आली तर तेच वाकलेत. आमची वेगळी आली. स्ट्रट काढून नव्याशेजारी ठेवला, तेव्हा बाक डोळ्यांनी दिसला.

“ठोकून सरळ करू की,” मेकॅनिक म्हणाला. नको! स्टेपलरची पिन वाकवून सरळ करा. तिथला बाक पूर्ण जात नाही आणि चार-पाच वेळा केलं की ती तुटते. धातू कायमचा वाकला की त्याची आतली रचना बदलते, ताण आत अडकून राहतो. गॅसने तापवणं तर आणखी धोक्याचं: हल्लीच्या बॉडीतलं काही पोलाद साधारण 900 अंश सेल्सियसपर्यंत तापवून साच्यातच झटकन थंड करतात, त्याची ताकद तिथून येते. ते पुन्हा तापवलं तर मऊ पडतं. वरून रंग मारला की कळतही नाही, कळतं ते पुढच्या धडकेत.

नवा स्ट्रट बसवला आणि ओढ थांबली. खर्च मात्र मामाच्या खिशातून गेला, कारण विम्याच्या सॅटिस्फॅक्शन व्हाउचरवर त्याने गाडी चालवून न बघताच सही केली होती.

तुम्हीही रिसर्चमध्ये अशी सही रोज करणार आहात: ग्राफ छान दिसतोय, रीडिंग हिरव्या पट्ट्यात आहे, झालं! त्याआधी एक प्रश्न विचारा: मी जे मोजलं, त्यात हा दोष दिसला तरी असता का?