जुन्या मोटारीची दुरुस्ती : घरीं कीं मिस्त्रीकडे?

शेतकऱ्याच्या दारांत आज जी मोटार उभी असते ती बहुधा नवी नसते. शहरांतील कोणा नातलगानें वापरून सोडलेली, किंवा एके वर्षीं उसाचें बिल बरें आलें म्हणून घेतलेली मारुति आठशे, नाहीं तर एखादी जुनी जीप, अशीच ती असावयाची. मारुति आठशे ही गाडी डिसेंबर १९८३ मध्यें प्रथम लोकांच्या हातीं आली व जानेवारी २०१४ मध्यें तिचें उत्पादन बंद झालें. म्हणजे अगदीं शेवटीं निघालेल्या गाडीलाहि दहा वर्षें उलटून गेलीं. आणि ज्यांत कार्ब्युरेटर आहे अशा गाड्या तर पंचविशीच्या आसपास किंवा त्याहूनहि वृद्ध आहेत. असें असलें तरी दूध पोंचविणें, खताचीं पोतीं आणणें, रात्रीं-अपरात्रीं आजाऱ्यास तालुक्याच्या गांवीं नेणें हीं कामें तिच्यावांचून अडतात. ती बंद पडली कीं घरांत दोन पक्ष होतात. धाकटे चिरंजीव म्हणतात, पाने आहेत, मोबाइलवर पाहून आपणच खोलूं. वडील म्हणतात, ज्याचें काम त्यानें करावें, मिस्त्रीस बोलवा.

आमच्या मतें दोघांचेंहि म्हणणें अपुरें आहे. दुरुस्ती कोणीं करावी हा प्रश्न दुसरा. बिघाड कोणता हा पहिला. पहिल्याचें उत्तर मालकास पुष्कळदां घरच्या घरीं व जवळजवळ फुकट काढतां येतें, आणि तें काढण्यापूर्वीं मिस्त्रीचा अंदाज मागणें म्हणजे पिकावरचा रोग न ओळखतां औषधाच्या दुकानांत जाऊन उभें राहण्यासारखें आहे. दुकानदार कांहीं तरी देणारच.

गेल्या उन्हाळ्यांतील एक उदाहरण सांगतों. आमच्या शेजारच्या गांवच्या एका कांदा पिकविणाऱ्या गृहस्थांची मोटार घाट चढतांना तापूं लागली. त्यांनीं तालुक्याच्या ठिकाणीं दोन गॅरेजांत विचारलें. एकानें २२,००० रुपये सांगितले, दुसऱ्यानें ९,५००. ऐन काढणीचे दिवस. गृहस्थ स्वस्ताकडे झुकले होते. पण दोन्ही आंकडे कागदावर कलमवार मांडून घेतल्यावर दिसून आलें कीं ते एकाच कामाचे नव्हतेच. पहिला इसम हेड उतरवून लेथवर सपाट करणें, नवें गॅस्केट, पाण्याचा पंप व टायमिंग बेल्ट हें सर्व धरीत होता. दुसरा नुसतें गॅस्केट बदलणार होता. आणि मौज अशी कीं गॅस्केट गेलें आहे हें ठरविण्यासाठीं दोघांपैकीं एकानेंहि कसली परीक्षा केली नव्हती. गाडी तापते, सबब गॅस्केट गेलें, एवढाच काय तो आधार.

गॅस्केट खरोखरच गेलें असेल तर त्याचीं लक्षणें लपत नाहींत. एंजिन पूर्ण थंड असतां रेडिएटरचें झांकण उघडून पाण्याची पातळी पाहावी. तापलेल्या एंजिनाचें झांकण मात्र कधींहि उघडूं नये. आंतील पाणी दाबाखालीं असल्यामुळें शंभर अंशांपलीकडे गेलें तरी उकळत नाहीं, आणि झांकण सैल होतांच एकदम उसळून तोंडावर येतें. पाणी वरचेवर कमी होतें पण जमिनीवर थेंब पडत नाहीं, असें असेल तर तें आंत कोठें तरी जात आहे. मग थंड एंजिनाचें झांकण उघडें ठेवूनच तें सुरू करावें. आरंभींचे चार बुडबुडे सोडून द्यावे; पण बुडबुडे येतच राहिले, किंवा दुसऱ्या वेळीं झांकण लावून सुरू केल्याबरोबर पाण्याची वरची नळी हातास टणक लागली, तर ज्वलनाचा वायु पाण्यांत शिरत आहे असें समजावें. एंजिन चांगलें तापल्यावरहि सायलेन्सरमधून पांढरा, गोडसर वासाचा धूर येत राहणें हें दुसरें लक्षण. ऑइलच्या झांकणाखालीं ताकासारखा फेस धरणें हें तिसरें. परंतु त्यावर एकट्यावर विसंबूं नये. थंडीच्या दिवसांत गाडी रोज दोन-चार किलोमीटरच चालली तर हवेंतील ओलाव्यानेंहि तसा फेस धरतो. डिपस्टिकवरील ऑइल स्वच्छ असेल तर त्या फेसाची भीति बाळगण्याचें कारण नाहीं.

वरील गृहस्थांच्या गाडींत यांपैकीं एकहि लक्षण नव्हतें. तेव्हां पंखा पाहिला. या गाडीचा पंखा विजेवर चालतो. गाडी जागेवर उभी ठेवून एंजिन चालूं द्यावें, आणि तें तापून कांटा वर सरकल्यावर पंखा आपोआप फिरूं लागला पाहिजे. न फिरल्यास, ज्या थर्मोस्विचास दोन तारा असतात त्याच्या त्या दोन्ही तारा काढून क्षणभर एकमेकींस जोडाव्या. पंखा फिरला तर पंखा शाबूत असून स्विच गेला आहे. हात व धोतराचा सोगा पंख्यापासून दूर ठेवावा हें सांगणें नकोच. येथें पंखा ठीक होता.

राहिला थर्मोस्टॅट. एंजिनांतून रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याच्या वाटेवर हें एक लहानसें दार असतें. त्यांत मेण भरलेलें असतें. तें तापून फुगलें कीं दार उघडतें. तें काढून दोऱ्यानें बांधावें, पातेल्याच्या बुडास लागणार नाहीं असें पाण्यांत टांगावें, आणि पाणी चुलीवर ठेवावें. उघडण्याचें उष्णमान त्याच्यावरच कोरलेलें असतें. बहुधा तें ८२ किंवा ८८ अंश सेंटिग्रेड असतें. त्या सुमारास दार उघडूं लागून पाण्याला उकळी फुटण्यापूर्वीं तें पुरतें उघडलें पाहिजे. या गृहस्थांचें दार खळखळ उकळत्या पाण्यांतहि मिटलेलेंच राहिलें. रेडिएटर उतरवून पाहतां आंतील नळ्यांवर पांढरी खपली जमली होती. कारण उघड होतें : कित्येक वर्षें त्यांत बोअरचेंच पाणी भरलें जात होतें. ज्या क्षारांनीं आपल्या ठिबकच्या नळ्या तुंबतात तेच क्षार रेडिएटरमध्यें बसतात, ही गोष्ट ठिबक वापरणाऱ्याला तरी शिकवावी लागूं नये. रेडिएटर बाहेरून साफ करून घेतला, थर्मोस्टॅट नवा घातला, डिस्टिल्ड पाणी व कूलंट भरलें. एकंदर खर्च २,००० रुपयांच्या आंत आटोपला. कित्येक मिस्त्री थर्मोस्टॅट काढून टाकून गाडी तशीच परत देतात. तें करूं देऊं नये. एंजिन मग योग्य उष्णतेस पोंचत नाहीं, पेट्रोल अधिक खातें व लवकर झिजतें.

येथें कोणी म्हणेल कीं दोन्ही गॅरेजवाले लबाड होते. आम्हांस तसें वाटत नाहीं. ज्याच्या दारांत दहा गाड्या उभ्या आहेत त्यास प्रत्येकीस दोन तास देऊन निदान करण्याची सवड नसते, आणि निदानाचे पैसे देण्याची आपल्याकडे रीत नाहीं. पैसे मिळतात ते भाग बदलल्याचे; तेव्हां भाग बदलले जातात. गॅरेजमध्यें निदान करवून घ्यावयाचें असल्यास त्याची वेगळी मजुरी आपण होऊन देऊं करावी. ती सहसा वसूल होते.

गाडी सुरूच होत नाहीं या तक्रारींतहि असेंच घडतें. स्टार्टर गेला, बॅटरी गेली, असा निकाल लगेच मिळतो. साधा मीटर घेऊन पाहावें : भरलेली बॅटरी विश्रांतींत सुमारें १२·६ व्होल्ट दाखविते, आणि एंजिन चालूं असतां साधारण १३·८ ते १४·४. मग मीटरचें एक टोंक बॅटरीच्या ऋण ध्रुवास व दुसरें एंजिनाच्या उघड्या धातूस लावून कोणास तरी किल्ली फिरविण्यास सांगावें. अर्ध्या व्होल्टाहून अधिक आलें तर दोष स्टार्टरचा नसून अर्थिंगच्या गंजलेल्या पट्टीचा आहे. पॉलिश कागदानें घासण्याचें तें काम आहे.

कार्ब्युरेटरच्या गाड्यांस आणखी एक नवें दुखणें जडलें आहे, आणि त्यांत आपला ऊस-उत्पादकांचा हात आहे हें विनोदाचेंच म्हटलें पाहिजे. पेट्रोलमध्यें २० टक्के इथेनॉल मिसळण्याचें उद्दिष्ट देशानें २०२५ मध्यें गांठलें. कारखान्यास त्यापासून उत्पन्न झालें, बिलें निघालीं, हें चांगलेंच. पण जुन्या गाडींतील रबरी नळ्या व कार्ब्युरेटरचीं पॅकिंगें अशा मिश्रणासाठीं केलेलीं नव्हतीं. तीं फुगतात, मऊ पडतात किंवा चिरतात. शिवाय इथेनॉल पाणी शोषून घेतें. गाडी महिनोन् महिने उभी राहिली तर पाणी टाकीच्या तळाशीं बसतें. सबब पेट्रोलची नळी दर सहा महिन्यांनीं बोटानें दाबून पाहावी, व नवी घेतांना इथेनॉलला टिकणारी मागून घ्यावी. पेट्रोलचा वास येत असतां गाडी वापरणें हें मात्र दुरुस्तीच्या खर्चाचें नव्हे, जिवाचें प्रकरण आहे.

आतां निदान झाल्यावर काम कोणीं करावें? पुष्कळजण सोपें कीं अवघड यावरून हें ठरवितात. आम्हांस ती कसोटी चुकीची वाटते. चुकलें तर काय होईल, हें विचारावें. प्लग, फिल्टर, ऑइल, थर्मोस्टॅट, बॅटरीच्या तारा, पंख्याचा स्विच यांत चूक झाली तर गाडी अडेल, पुन्हां खोलावी लागेल, इतकेंच. हीं कामें घरीं करावीं. ब्रेकचीं पॅडें बदलणें खरें पाहतां सोपें आहे. परंतु तेथें चूक कळते ती उतारावर. पॅड किती झिजलें, ब्रेकचें ऑइल किती उतरलें हें घरीं पाहावें, काम मात्र जाणत्याकडूनच करवावें. सुकाणूच्या भागांचेंहि तसेंच. टायमिंग बेल्ट हें तिसऱ्या प्रकारचें काम : कांहीं एंजिनांत एक दांता इकडे-तिकडे झाला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वांकतात, आणि वांचविलेल्या मजुरीच्या कित्येक पट खर्च उभा राहतो. गाडीखालीं शिरावयाचें तर नुसत्या जॅकवर विश्वासून कधींहि शिरूं नये. विटा व दगड रचून तर मुळींच नाहीं. विटा दाबानें एकाएकीं फुटतात. लोखंडी घोड्या विकत मिळतात, त्या दोन घ्याव्या.

मिस्त्रीकडे जातांना निदान कागदावर लिहून न्यावें. अंदाज एकरकमी घेऊं नये. सामान, मजुरी व बाहेरचें काम, म्हणजे लेथ किंवा रेडिएटर, हीं तीन कलमें वेगळीं लिहून घ्यावीं. मजुरीचा हिस्सा मोठा व सामान थोडें, असें काम घरीं करण्यांत खरी बचत असते. सामानच मोठें असेल तर घरीं करून वांचणार तें काय? पाकिटावर छापलेली किंमत पाहावी. काढलेले जुने भाग परत द्यावे व काम वाढल्यास विचारल्याखेरीज पुढें जाऊं नये, या दोन अटी आधींच बोलून ठेवाव्या. मागाहून बोलल्यास भांडण होतें. दोन गॅरेजांची तुलना करावयाची तर दोघांसमोर एकच कागद ठेवावा.

आपला वेळ फुकट आहे असें शेतकऱ्यानें समजूं नये. वैशाखांत एक दिवस गाडीखालीं गेला तर कांहीं बिघडत नाहीं. पेरणीच्या वाफशाचा एक दिवस गेला तर तो कोणत्याहि मिस्त्रीच्या मजुरीहून महाग पडतो. म्हणून मोठीं कामें उन्हाळ्यांत काढावीं, आणि पावसाच्या तोंडावर कांहीं अडलें तर मुकाट्यानें मजुरी द्यावी.

मोठ्या खर्चास हात घालण्यापूर्वीं नोंदणीचें पुस्तक काढून मुदत पाहावी. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षें चालते. नंतर तपासणी करून पांच-पांच वर्षांनीं ती पुढें वाढवून घ्यावी लागते. महाराष्ट्रांत त्याबरोबर पर्यावरण करहि पडतो, आणि वीस वर्षांवरील गाड्यांची नूतनीकरणाची फी केंद्र सरकारनें ऑगस्ट २०२५ मध्यें वाढविली आहे. मुदत चार महिन्यांवर आली असेल आणि खालचा पत्रा कुजला असेल, तर एंजिन उत्तम करून काय उपयोग? आधीं पत्रा पाहावा. चासी व सीटखालचा भाग अणकुचीदार पेचकसानें टोंचून पाहिल्यास पांच मिनिटांत निकाल लागतो.

घरीं ऑइल बदलल्यावर काढलेलें काळें ऑइल बांधावर, ओढ्यांत किंवा विहिरीच्या आसपास ओतूं नये. तें डब्यांत भरून ठेवावें व पुढच्या खेपेस गॅरेजच्या पिंपांत नेऊन टाकावें. तेथून तें विकलें जातें, म्हणून मिस्त्री तें आनंदानें ठेवून घेतो.