देयकाची खिडकी

२०२४-२५ या शैक्षणिक वर्षात अभ्यासवृत्तीच्या निमित्ताने उत्तर इंग्लंडमधील एका विद्यापीठात राहण्याचा योग आला. नोव्हेंबरातील एका रात्री पोटाच्या उजव्या बाजूस कळ येऊ लागली आणि ती मी दोन दिवस अंगावर काढली. तिसऱ्या दिवशी शेजारच्या खोलीतील संशोधकाने मला जवळजवळ ओढूनच रुग्णालयात नेले. अपेंडिक्स फुटण्याच्या बेतात होते. शस्त्रक्रियेनंतर खाटेवर पडून असताना एकच प्रश्न मला छळत राहिला : मी दोन दिवस थांबलो कशासाठी?

प्रश्न वाटतो तितका साधा नाही. व्हिसा घेतानाच वर्षाचा आरोग्य अधिभार म्हणून १,०३५ पौंड, म्हणजे लाखाहून अधिक रुपये, मी भरले होते. त्यानंतर रुग्णालयाची पायरी चढण्याची सीमान्त किंमत माझ्यापुरती शून्य होती. बुडीत खर्चाचा पुढील निर्णयाशी संबंध नसतो, हे मी वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो आहे. फुकट मिळणाऱ्या सेवेचा अपव्यय होतो, हेही त्याच वर्गात सांगतो. प्रत्यक्षात ती सेवा मी टाळली. हे वर्तन कोणत्या मागणी-वक्रात बसवावयाचे?

त्याचे उत्तर १९९७ साली, सोलापूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी सापडते. वडिलांच्या छातीत दुखू लागले तेव्हा त्यांनीही दोन दिवस तसेच काढले होते. कारखान्याकडून उसाचे बिल अजून यावयाचे होते. अखेर एका खाजगी रुग्णालयात नेले, तर खिडकीवरील माणसाने प्रथम अनामत रक्कम मागितली. नाडी नंतर पाहिली गेली. आईच्या पाटल्या त्या दुपारी सराफाकडे गेल्या. वडील वाचले; पाटल्या परत आल्या नाहीत. त्यानंतर आमच्या घरात कोणी आपले दुखणे लवकर सांगत नसे.

रोग केव्हा गाठील हे रुग्णाला ठाऊक नसते आणि कोणता उपचार हवा हेही तो ठरवू शकत नाही, म्हणून वैद्यकीय सेवा ही बाजारातील इतर वस्तूंसारखी नव्हे, असे केनेथ ॲरो यांनी १९६३ साली एका गाजलेल्या निबंधात मांडले. ॲन्युरिन बेव्हन यांना त्यासाठी निबंधाची गरज पडली नव्हती. ते वेल्समधील ट्रेडेगरचे, लहान वयातच कोळशाच्या खाणीत उतरलेले. त्या गावचे कामगार मजुरीतून वर्गणी काढून सर्वांसाठी डॉक्टर ठेवीत. आरोग्यमंत्री झाल्यावर ५ जुलै १९४८ रोजी बेव्हन यांनी तीच कल्पना देशभर नेली, आणि १९५१ मध्ये चष्मे व कवळ्यांवर शुल्क बसविण्याचे ठरताच मंत्रिपद सोडले. पैशांअभावी कोणी उपचारांवाचून राहू नये, ही शिफारस आपल्याकडे सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ सालीच केली होती. अहवाल आपला आधीचा, व्यवस्था त्यांची. आज आपल्याकडे सरकारी विमा योजना आहेत आणि रुग्ण दाखल झाल्यावर त्यांचा आधार मिळतोही. परंतु दुखणे अंगावर काढावयाचे की नाही, याचा निर्णय त्यापूर्वी घरी होत असतो आणि तेव्हाच्या तपासण्या व औषधे बहुतांशी खिशातूनच घ्यावी लागतात.

तेथे सारे आलबेल आहे असे मात्र नव्हे. आपत्कालीन कक्षात सात तास मी प्लास्टिकच्या खुर्चीवर वाकून बसलो होतो. शेजारच्या खाटेवरील निवृत्त बसचालक पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेसाठी चौदा महिने यादीत होते. शेवटी वेदना असह्य झाल्या तेव्हा आपत्कालीन कक्षातून आत आले. अठरा आठवड्यांत उपचार सुरू व्हावेत, हे उद्दिष्ट तेथे २०१६ नंतर गाठले गेलेले नाही. किंमत काढून टाकली की तिच्या जागी रांग येते, आणि ज्याच्यापाशी पैसा आहे तो रांग सोडून खाजगी शल्यविशारदाकडे जातो. त्या गृहस्थांनी सरकारचा, रांगेचा आणि रुग्णालयातील चहाचा यथेच्छ उद्धार केला. परंतु तीन दिवसांच्या बोलण्यात खर्चाची चिंता एकदाही डोकावली नाही. मला त्यांचा हेवा वाटला.

रात्रपाळीची परिचारिका कोट्टायमची होती. तिच्या शिक्षणासाठी वडिलांनी काढलेले कर्ज ती अजून फेडीत होती. अलीकडच्या वर्षांत परदेशांतून ब्रिटनमध्ये दाखल झालेल्या परिचारिकांत भारतातून गेलेल्यांची संख्या सर्वांत मोठी आहे. केरळातील एका कुटुंबाच्या कर्जावर इंग्रज रुग्णांची शुश्रूषा होते. कोणत्या देशाने कोणाला मदत केली, याची नोंद कोणत्या ताळेबंदात करावी, हे माझ्यातील अर्थशास्त्राच्या अध्यापकाला सांगता येणार नाही.

पाचव्या दिवशी औषधांची कागदी पिशवी हाती देऊन मला घरी जाण्यास सांगण्यात आले. खाली आल्यावर मी सवयीने खिडकी शोधू लागलो. तेथे कॉफीचे एक दुकान तेवढे होते. रात्री आईला फोन केला. टाके किती पडले, हे तिने नंतर विचारले. पहिला प्रश्न होता, "बिल किती झालं?"

काही नाही, असे मी म्हणालो. पलीकडे ती क्षणभर गप्प राहिली.

"मग सोडलं कसं तुला?"