आयटीआय, तंत्रनिकेतन की बी.एस्सी.?

दहावीचा निकाल लागला की पुढचा पंधरवडा शाळेतील विज्ञानाच्या शिक्षकाला उसंत नसते. भंडारा जिल्ह्यातला तुमसर, मोहाडी, लाखांदूर, कोणताही तालुका घ्या; पालक गुणपत्रिका घेऊन येतात आणि विचारतात, "गुरुजी, याला आयटीआयला टाकू की अकरावी सायन्सला?" या प्रश्नाचे उत्तर बहुधा टक्क्यांवरून दिले जाते. पुष्कळ टक्के असले तर विज्ञान शाखा, मध्यम असले तर तंत्रनिकेतन, आणि जेमतेम असले तर आयटीआय. जणू एकाच शिडीच्या या तीन पायऱ्या आहेत! आमच्या मते या पायऱ्या नाहीत, शिकण्याच्या तीन निरनिराळ्या रीती आहेत. हे समजून घेण्यासाठी जिल्ह्यातलेच एक उदाहरण घेऊ.

तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथे मॅंगनीजच्या खाणी आहेत. १९६२ साली स्थापन झालेली मॅंगनीज ओअर (इंडिया) लिमिटेड, म्हणजे आजची 'मॉयल', त्या चालवते. डोंगरी बुजुर्ग येथे खनिजापासून विद्युत अपघटनाने शुद्ध मॅंगनीज डायऑक्साइड तयार करण्याचा कारखानाही आहे. बॅटरीच्या कोरड्या सेलमध्ये जी काळी पूड असते, तिच्यातला मुख्य घटक हाच. आता गंमत पाहा. खनिजातही मॅंगनीज डायऑक्साइडच असतो आणि कारखान्यातून बाहेर पडतो तोही मॅंगनीज डायऑक्साइडच. मग एवढा खटाटोप कशासाठी? तर सेलसाठी हवी ती शुद्धता आणि हवी ती स्फटिकरचना खनिजात क्वचितच मिळते. म्हणून खनिज प्रथम भाजून त्याचे क्षपण करतात, मिळालेला ऑक्साइड गंधकाम्लात विरघळवतात, द्रावणातले लोह आणि इतर धातू काढून टाकतात आणि मग त्यातून वीजप्रवाह सोडतात. द्रावण उकळबिंदूच्या जवळ, नव्वद अंशांच्या वर तापवलेले ठेवावे लागते.

इथे नववी-दहावीच्या वर्गात विचारण्याजोगा एक प्रश्न आहे. विद्युत विलेपन शिकवताना आपण सांगतो की धातूचा थर ऋणाग्रावर बसतो. मग मॅंगनीज डायऑक्साइड धनाग्रावर का बसतो? कारण येथे धातू सुटा होत नाही. द्रावणातल्या मॅंगनीजची संयुजा दोनावरून चारवर जाते, म्हणजे त्याचे ऑक्सिडीकरण होते, आणि ऑक्सिडीकरण नेहमी धनाग्रावरच होते. या क्रियेत गंधकाम्ल पुन्हा तयार होते आणि ते खनिज विरघळवायला परत वापरता येते. आमच्या दृष्टीने हा साऱ्या प्रक्रियेतला सर्वांत देखणा भाग आहे.

या कामाला माणसे कोणती लागतात? टाकीला वीज पुरवणाऱ्या तांब्याच्या जाड पट्ट्यांचा एखादा जोड सैल झाला तर तो तापतो, वीज वाया जाते आणि थर कमी-जास्त बसतो. हा जोड वेळीच ओळखणारा माणूस इलेक्ट्रिशियन असतो. गरम आम्ल वाहून नेणारा पंप गळू लागला तर फिटर लागतो. पाळीभर प्रवाह, तापमान आणि आम्लाचे प्रमाण यांचा मेळ राखण्याचे काम पदविकाधारकाला चांगले जमते, कारण संपूर्ण संयंत्राचा आराखडा वाचायला तो शिकलेला असतो. प्रयोगशाळेत अनुमापन करून मालात शुद्ध डायऑक्साइड किती हे सांगणारा बी.एस्सी. रसायनशास्त्र झालेला असतो. आणि प्रवाह वाढवला की माल लवकर तयार होतो पण सेलमध्ये तो नीट चालत नाही, हे का घडते याचा छडा लावायचा तर त्याच्याही पुढे शिकलेला माणूस हवा. यांतला एक जरी नसला तरी माल बिघडतो. पगारात फरक पडतो हे खरे, पण त्यावरून कोणाचे डोके मोठे हे ठरत नाही. आम्ही ज्या प्रयोगशाळांतून काम केले तेथेही निर्वात पंप आणि काचेची उपकरणे सांभाळणारे कारागीर नसते तर आमचे निम्मे प्रयोग कागदावरच राहिले असते.

याच मॅंगनीजचा आणि विद्यापीठाचाही जुना संबंध आहे. नागपूर विद्यापीठ १९२३ साली स्थापन झाले. कामठीचे खाणमालक रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी १९३० साली मृत्युपत्राने आपली मोठी संपत्ती उपयोजित विज्ञानाच्या शिक्षणासाठी या विद्यापीठाला दिली. तिच्यातून १९४२ साली नागपूरची लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था उभी राहिली. हाताचे शिक्षण एका बाजूला आणि विद्येचे दुसऱ्या, असा भेद त्या दात्याच्या मनात नसावा.

एकदा निवड केली की मागे फिरता येत नाही, अशी धास्ती पालकांना असते. ती पुष्कळशी अनाठायी आहे. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआयचा योग्य व्यवसाय पूर्ण केलेल्या मुलाला तंत्रनिकेतनाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. बारावी विज्ञान झालेल्यालाही ती सोय आहे. तीन वर्षांच्या पदविकेनंतर अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते. त्यासाठी पदविकेत किमान ४५ टक्के, राखीव प्रवर्गाला ४० टक्के गुण लागतात. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यामुळे कारखान्यात विद्यावेतनावर काम शिकण्याचीही सोय झाली. जवाहरनगरचा आयुध निर्माणी कारखाना, वरठीचा पोलाद कारखाना, गडेगावचा अशोक लेलॅंडचा कारखाना हे सारे जिल्ह्यातच आहेत, म्हणजे काम पाहायला फार लांब जावे लागत नाही.

एक वाट मात्र खरोखरच अरुंद होते. पदविकेकडून शुद्ध विज्ञानाकडे, म्हणजे भौतिकशास्त्राच्या किंवा रसायनशास्त्राच्या एम.एस्सी.कडे, सरळ रस्ता नाही. ज्या मुलाला 'का' या प्रश्नाने झोप येत नाही, त्याला लवकर कमावता येईल म्हणून तंत्रनिकेतनात घालणे महागात पडू शकते. अर्थात अपवाद आहेतच. क्ष-किरणांचा शोध १८९५ साली लावणाऱ्या विल्हेल्म रॉंटगेनला शाळेतून काढून टाकण्यात आले होते. विद्यापीठात जाण्यासाठी लागणारी शालान्त परीक्षा त्याच्याजवळ नव्हती. तो झुरिकच्या पॉलिटेक्निकमध्ये प्रवेश परीक्षा देऊन शिरला, यंत्र अभियांत्रिकी शिकला, १८६९ साली झुरिक विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली आणि १९०१ चे भौतिकशास्त्राचे पहिलेच नोबेल पारितोषिक त्याला मिळाले. पण त्या गावात पॉलिटेक्निक आणि विद्यापीठ यांच्यामधले दार उघडे होते, हेही विसरू नये.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. नुसती बी.एस्सी. हा अर्धा पूल आहे. पुढे एम.एस्सी., बी.एड. किंवा एखादे ठोस कौशल्य यांची जोड मिळाली तरच तो पलीकडे पोचतो. दोन एकर धानावर चालणाऱ्या घराने तीन वर्षे खर्च सोसायचा आणि शेवटी मुलाने स्पर्धा परीक्षांच्या जाहिरातींची वाट पाहत बसायचे, हे चित्र शिक्षकांना नवीन नाही. म्हणून अकरावी विज्ञान सुचवताना तीन नव्हे, पाच वर्षांचा हिशेब पालकांपुढे मांडावा.

मुलाचा कल ओळखायचा कसा? कल चाचण्यांवर आमचा फारसा भरवसा नाही. त्यापेक्षा आठवी-नववीतच एक जुना, बंद पडलेला टेबलफॅन वर्गात आणा, मुलांना खोलू द्या आणि ती काय विचारतात ते ऐका. (त्याची वायर आधीच कापून टाका आणि कपॅसिटर काढून ठेवा.) एखादा न सांगता स्क्रू क्रमाने मांडून ठेवतो आणि बेअरिंग झिजले आहे हे बोटाने ओळखतो. दुसरी मुलगी विचारते की गुंडाळ्या दोन प्रकारच्या का, आणि कपॅसिटर नसेल तर पंखा का सुरू होत नाही. पहिल्याला आयटीआय किंवा तंत्रनिकेतन मानवेल, दुसरीला विज्ञान शाखा. दोन्ही गोष्टी करणारे मूल सापडले तर त्याला अभियांत्रिकीच्या दोन्ही वाटा समजावून सांगा. एका तासावरून निर्णय घेऊ नये, पण वर्षभरात असे चार-पाच तास झाले तर टक्क्यांपेक्षा बरीच अधिक माहिती मिळते.

आणखी एक गोष्ट आम्हाला खटकते. मुलींच्या बाबतीत निवड कल पाहून होत नाही, अंतर पाहून होते. जवळच्या गावात कला शाखेचे कनिष्ठ महाविद्यालय आहे, एस.टी. दारावरून जाते, एवढ्यावर दहावीला विज्ञानात उत्तम गुण मिळवलेली मुलगी तिकडे घातली जाते. खर्चाची अडचण मात्र आता पूर्वीइतकी राहिलेली नाही. २०२४ सालापासून राज्यात आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबातील इतर मागास, आर्थिक व सामाजिक-शैक्षणिक मागास प्रवर्गांतील मुलींना, केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाल्यास शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. तेव्हा प्रश्न उरतो तो राहण्याचा, आणि वसतिगृहाची चौकशी निकालानंतर नव्हे, दिवाळीनंतर लगेच सुरू करायला हवी.

तीच गोष्ट कागदपत्रांची. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर हे तहसीलमधून मिळायला वेळ लागतो, आणि रोवणीच्या दिवसांत वडील बांध सोडून येऊ शकत नाहीत. जानेवारीतल्या पालकसभेत ही यादी फळ्यावर लिहून द्यावी आणि मार्चपूर्वी कोणाचे काय राहिले ते वर्गशिक्षकाने वहीत टिपून ठेवावे.