चित्रपटावरचे मत

खेळ सुटला की चित्रगृहाच्या पायऱ्यांवर जे बोलणे सुरू होते, त्यात बहुधा तीनच वाक्ये असतात. 'छान आहे', 'बरा आहे' आणि 'पैसे वाया गेले'. घरी पोहोचल्यावर शेजारी विचारतात, "काय हो, कसा काय आहे?" त्यांच्याही वाट्याला यांपैकीच एखादे वाक्य येते, आणि त्या आधारावर ते तिकीट काढतात किंवा काढत नाहीत. चित्रपटामागे शेकडो माणसांचे श्रम असतात आणि त्यांचे भवितव्य मात्र पुष्कळदा असल्या तीन शब्दांत ठरते. त्या तीन शब्दांत नेमके काय राहून जाते, एवढ्याच विषयावर मी आज बोलणार आहे.

'आमटी छान झाली आहे' आणि 'आमटीत आमसूल अंमळ जास्त पडले आहे' ही दोन वाक्ये ताडून पाहा. पहिले वाक्य बोलणाऱ्याच्या जिभेविषयी आहे, दुसरे आमटीविषयी. ज्याला आंबट आवडत नाही त्याच्या उपयोगी दुसरे वाक्य पडतेच, पण ज्याला आंबट आवडते त्याच्याही ते उपयोगी पडते. तो लगबगीने वाटी पुढे करतो. चित्रपटावरच्या मताची कसोटी हीच आहे असे मला वाटते. आपली आवड ज्याच्या आवडीशी मुळीच जुळत नाही, अशा माणसालाही ज्या मतावरून आपला निर्णय करता येतो, ते मत चांगले. मग ते अनुकूल असो की प्रतिकूल.

उदाहरण म्हणून चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' हा चित्रपट घेऊ. २०१४ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला, पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिकही त्याला मिळाले, आणि २०१५ च्या एप्रिलमध्ये तो आपल्याकडच्या चित्रगृहांत लागला. नारायण कांबळे नावाच्या एका वयस्क लोकशाहिरावर आरोप असा की, त्याच्या गाण्यामुळे गटारात उतरून काम करणारा एक कामगार आत्महत्येस प्रवृत्त झाला. एवढ्या आरोपावरून उभा राहिलेला खटला मुंबईतील एका साध्या न्यायालयात चालतो. शाहिराचे काम वीरा साथीदार यांनी केले होते. ते स्वतः चळवळीतले कार्यकर्ते होते. २०२१ साली त्यांचे निधन झाले.

या चित्रपटाविषयी दोन टोकांची मते आपण ऐकली असतील. एक म्हणते, 'अप्रतिम'. दुसरे म्हणते, 'फार संथ'. माझ्या मते 'संथ' हा शब्द खोटा नाही, पण तो अर्धाच आहे. तो पुरा करायचा तर काय दिसले ते सांगावे लागते. या चित्रपटात कॅमेरा सहसा हलत नाही. तो न्यायालयाच्या खोलीत एका जागी उभा राहतो, पुष्कळसा मागे, जणू आपली पाळी येण्याची वाट पाहत बाकावर बसलेल्या पक्षकारासारखा. एखादा साक्षीदार घाबरला आहे हे दाखवायला कॅमेरा त्याच्या चेहऱ्याजवळ जात नाही, आणि आता दुःख माना असे सुचवायला मागून सनई-सारंगीही वाजत नाही. सरकारी वकीलबाई जुन्या कायद्यांतील कलमे एकसुरी आवाजात वाचत राहतात. न्यायाधीश टंकलेखकाला मजकूर सांगत राहतात. आपल्या सवयीप्रमाणे आपण वाट पाहतो की आता दृश्य बदलेल, आणि ते बदलत नाही.

आता हेच मत असे सांगून पाहा: 'कॅमेरा एका जागी उभा राहतो, दृश्य लवकर तोडत नाही, खटल्यात घडते त्याहून रेंगाळते अधिक; मला कंटाळा आला.' हे प्रतिकूल मतच आहे. पण ज्या गृहस्थांनी आयुष्यातली दहा वर्षे जमिनीच्या दाव्यासाठी कचेरीच्या बाकावर तारखा मोजीत काढली आहेत, त्यांनी ते ऐकले तर ते म्हणतील, 'म्हणजे आमचीच कथा की! पाहिलाच पाहिजे.' आपल्या कंटाळ्याने त्यांचे नुकसान केले नाही, उलट त्यांना वाट दाखविली. नुसते 'संथ आहे' म्हटले असते तर ते घरीच बसले असते.

आणखी एक गोष्ट. हा चित्रपट त्याच सरकारी वकीलबाईंच्या मागोमाग न्यायालयाबाहेरही जातो. त्या लोकलने घरी जातात, मुलाला घेऊन येतात, स्वयंपाकाला लागतात. खोलीत ज्या आपल्याला निष्ठुर वाटल्या त्या येथे आपल्या आळीतल्या एखाद्या वहिनींसारख्या दिसतात. पुष्कळ प्रेक्षक विचारतात, 'याचा खटल्याशी संबंध काय?' प्रश्न रास्त आहे, आणि दोन मित्रांनी एक तास वाद घालावा इतका चांगला आहे. मला स्वतःला वाटते की संबंध तोच आहे: शाहिराचे आयुष्य ज्यांच्या हाती आहे ती माणसे दुष्ट नाहीत, दमलेली आणि आपापल्या संसारात गुंतलेली आहेत. कुणाला हे पटणार नाही. पण ज्याला पटत नाही त्यालाही लोकल आणि स्वयंपाकघर या दोन दृश्यांकडेच परत यावे लागते. दोघांच्या मतभेदाला पायाखाली जमीन मिळते ती अशी. पुढे सुटीसाठी न्यायालय बंद होते, दिवे मालवले जातात, पडदा काळा पडतो आणि प्रेक्षकाला वाटते, संपले. त्यानंतर काय येते ते मी मुद्दाम सांगत नाही. शेवट सांगून टाकणे हे मत नव्हे, ती चोरी आहे.

पाहिलेले नेमके सांगायचे तर ते आठवले पाहिजे, आणि चित्रपट आठवणीतून फार लवकर निसटतो. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. ते ज्यांनी घडविले ते पी. के. नायर अंधारात बारीकशी विजेरी आणि वही घेऊन बसत आणि पडद्यावर चाललेले टिपून ठेवीत, ही आठवण त्यांचे विद्यार्थी अजून सांगतात. तेथून जवळच, चित्रपट प्रशिक्षण संस्थेत सतीश बहादूर हे प्राध्यापक 'पथेर पांचाली' हा एकच चित्रपट तुकड्या-तुकड्याने पुनःपुन्हा दाखवून आस्वाद म्हणजे काय ते शिकवीत. मूळचे ते आग्ऱ्याचे, अर्थशास्त्राचे अध्यापक. चित्रपट मंडळ चालविता चालविता ते या विषयाकडे वळले. आपण सर्वांनी वही घेऊन बसावे असे माझे म्हणणे नाही; शेजारच्या खुर्चीवरचे कुटुंब रागावेल. पण घरी येताना रस्त्यात दोन दृश्ये मनाशी पुन्हा उभी करता येतात, आणि तेवढ्याने काम भागते.

चित्रपट मंडळाचा उल्लेख आला म्हणून सांगतो. चित्रपटावर बोलण्याला आपल्या देशात जर कुणी शिस्त लावली असेल तर ती या मंडळांनी. कलकत्त्याची फिल्म सोसायटी १९४७ सालची. सत्यजित राय आणि चिदानंद दासगुप्त हे तिच्या संस्थापकांतले. १९५२ साली भारतातला पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव मुंबईत भरला आणि मग मद्रास, दिल्ली, कलकत्ता असा फिरला. त्यात दाखविलेल्या 'बायसिकल थीव्हज्' या इटालियन चित्रपटाने आपल्याकडच्या कित्येकांना नवी दृष्टी दिली. पुढे १९५९ साली कलकत्ता, दिल्ली, मद्रास, पाटणा, मुंबई आणि रुडकी येथील मंडळांचा महासंघ झाला, राय हे त्याचे अध्यक्ष झाले. त्या घडामोडीत एक मराठी बाई अग्रभागी होत्या, विजया मुळे. पाटण्यात राहत असताना त्यांनी तेथे मंडळाच्या कामाला हात घातला, नंतर दिल्लीत, आणि महासंघाच्या त्या संयुक्त चिटणीस होत्या. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपणा मराठी माणसांना त्यांचे नाव अधिक ठाऊक असायला हवे होते. मुंबईचे 'प्रभात चित्र मंडळ' हे १९६८ सालचे.

या मंडळांची रीत अगदी साधी होती. सभासद वर्गणी देत, कुणी परदेशी वकिलातीतून चित्रपटाची प्रत मागून आणी, उसन्या दिवाणखान्यात किंवा शाळेच्या सभागृहात पडदा लागे, आणि खेळ संपल्यावर माणसे लगेच उठून जात नसत. खरे काम त्या अर्ध्या तासात होई.

त्याआधी मत मांडण्याची जागा म्हणजे नियतकालिकांतील पत्रव्यवहार. बाबूराव पटेल यांनी १९३५ साली मुंबईत 'फिल्मइंडिया' हे इंग्रजी मासिक काढले. वाचकांच्या प्रश्नांना त्यांनी दिलेली उत्तरे वाचण्यासाठी लोक अंकाची वाट पाहत. उत्तरे झणझणीत असत यात शंका नाही, मात्र ती आज वाचताना चित्रपटापेक्षा बाबूरावच अधिक दिसतात. हल्ली खिशातल्या दूरध्वनीवर पाचांपैकी किती तारे असा कौल देणारे हजारो लहान लहान बाबूराव झाले आहेत; फरक इतकाच की त्यांच्यापाशी ती भाषा नाही.

मत घाईने वाचणारेही फसतात, याचा सर्वांत नामांकित दाखला 'शोले'चा. १५ ऑगस्ट १९७५ रोजी तो लागला तेव्हा पहिली परीक्षणे प्रतिकूल होती. पहिल्या दिवसांत प्रेक्षक बाहेर पडत ते गप्पच. निर्मात्यांनी त्या मौनाचा अर्थ नापसंती असा लावला. शेवट बदलून पुन्हा चित्रित करावा काय, इथपर्यंत विचार गेला होता. मग थोडे थांबायचे ठरले. पुढचे आपण जाणताच. मुंबईच्या 'मिनर्व्हा'मध्ये तो पाच वर्षे चालला, आणि संवादांच्या ध्वनिमुद्रिका घरोघर वाजल्या. ते मौन नापसंतीचे नव्हते, भारावलेल्या माणसाचे होते. नागराज मंजुळे यांच्या 'सैराट'च्या (२०१६) शेवटी अशी शांतता ज्यांनी अनुभवली आहे त्यांना हे सांगायला नको. दाराशीच अडवून 'कसा वाटला?' असे विचारणाऱ्याला अशा वेळी खरे उत्तर मिळत नाही. त्याने दुसऱ्या दिवशी यावे.

हा प्रश्न आता न्यायालयांतही पोहोचला आहे. चित्रपट लागताच पैसे घेऊन किंवा द्वेषाने वाईट परीक्षणे पसरविली जातात, अशी तक्रार २०२३ साली केरळ उच्च न्यायालयापुढे आली. न्यायालयाने नेमलेल्या न्यायमित्राने पुढच्या वर्षी सुचविले की प्रदर्शनानंतर पहिले ४८ तास अशी परीक्षणे देऊ नयेत. तमिळ निर्मात्यांच्या संघटनेने २०२४ साली मद्रास उच्च न्यायालयाकडे पहिल्या तीन दिवसांची बंदी मागितली, तेव्हा न्यायालयाने तसा सरसकट आदेश देण्यास नकार दिला. मला मद्रासची भूमिका योग्य वाटते. निर्मात्यांचे दुःख खोटे नाही, कर्ज काढून चित्रपट करणाऱ्याला पहिला रविवार गेला तर सारेच गेले. परंतु ज्याने पदरचे पैसे मोडून तिकीट काढले त्याला तीन दिवस तोंड बंद ठेव असे सांगणे अन्यायाचे आहे. शिवाय पैसे घेऊन लिहिणारा चौथ्या दिवशीही लिहीलच. विकत घेतलेले मत बहुधा ओळखू येते ते याच कारणाने की त्यात एकही दृश्य नसते, फक्त विशेषणे असतात.

आपल्यासारख्या ठिकाणी या गोष्टीला निराळेच वजन आहे. इंदूर, बडोदे, बेळगाव, हैदराबाद येथे मराठी चित्रपट येतो तो पुष्कळदा एखाद्याच पडद्यावर, गैरसोयीच्या वेळेला. शुक्रवार ते रविवार खुर्च्या रिकाम्या राहिल्या की पुढच्या आठवड्याच्या जाहिरातीतून त्याचे नाव नाहीसे होते, आणि 'येथे मराठी चालत नाही' अशी नोंद वितरकाच्या डोक्यात राहते. तिचा फटका नंतरच्या चित्रपटाला बसतो. पुण्या-मुंबईत एका माणसाचे मत समुद्रातला थेंब असेल. येथे शुक्रवारी पाहून आलेल्या दहा जणांनी शनिवारी मंडळात, वाचनालयात, हळदीकुंकवात काय सांगितले यावर रविवारची खुर्ची भरते. म्हणून खोटी भलावण करावी असे मात्र नव्हे. आपली भाषा म्हणून वाईट चित्रपटाला 'छान' म्हणणाऱ्याचा शब्द एकदाच चालतो, दुसऱ्यांदा शेजारी ऐकत नाहीत.

गोव्यात २००४ पासून भारताचा आंतरराष्ट्रीय महोत्सव भरतो. पणजीला तेथील रांगेत कधी उभे राहिलात तर लक्ष द्या. मागचा अनोळखी माणूस विचारतो, "सकाळी काय पाहिलंत?" आणि पुढचा, हातवारे करीत, एखादे दृश्य सांगू लागतो: पाऊस पडतो आहे, म्हातारी दाराशी उभी आहे, कॅमेरा घरात आहे, ती आत येत नाही. एवढे सांगून तो म्हणतो, "मला काही झेपला नाही बुवा." आणि मागचा माणूस खिशातले वेळापत्रक काढून त्या चित्रपटाचा दुसरा खेळ केव्हा आहे ते पाहू लागतो.