बोट दाखवल्याने तवसं कुजत नाही

गेल्या श्रावणात शेजारच्या वहिनींच्या मांडवाखाली उभी होते. मुंबईहून त्यांची सात वर्षांची नात आली होती. वेलावर बोटभर लांबीचं, लव असलेलं कोवळं तवसं लोंबताना दिसलं तशी ती ओरडली, "आजी, ते बघ, बाळ काकडी!" आणि बोट दाखवलं. आजीने झटकन तिचा हात खाली ओढला. "बोट नाही दाखवायचं, कुजतं ते. दाखवायचंच तर वाकडं बोट करून दाखव." चार दिवसांनी ते तवसं खरंच पिवळं पडलं आणि गळलं. घरातल्या तिघांनी तीन वेळा तिला ते ऐकवलं. पोर नंतर मांडवाकडे फिरकलीच नाही.

हा समज मी लहानपणापासून ऐकत आले आहे. कोकणात तवसं आणि चिबूड, घाटावर भोपळा आणि दुधी. शिकलेली माणसंही "आमचा विश्वास नाही, पण कशाला विषाची परीक्षा" म्हणत बोट मिटून घेतात. मला याचा राग येतो, कारण यात दोष नेहमी एखाद्या माणसावर जातो. बहुतेक वेळा लहान मुलावर, नाहीतर घरातल्या बाईवर. आणि ज्यामुळे फळ गेलं ते तसंच राहतं, म्हणून पुढचं फळही जातं.

एक गोष्ट नीट पाहा. बोट दाखवू नये असं वांग्याबद्दल कुणी सांगत नाही. मिरचीबद्दल, भेंडीबद्दल, टोमॅटोबद्दलही नाही. हा नियम फक्त वेलवर्गीय भाज्यांना. असं का? कारण वांग्याचं फूल आधी दिसतं आणि फळ धरलं तरच वांगं दिसतं. काकडी, दुधी, भोपळा, पडवळ, शिराळी यांचं तसं नाही. यांच्या मादी फुलाखाली फूल उमलण्याआधीच छोटंसं फळ दिसतं. ते अजून फळ नसतं, ते फुलाचं अंडाशय असतं. त्याचा आकार मात्र हुबेहूब फळाचा. त्या फुलावर पराग पोचला तर ते वाढतं, नाही पोचला तर दोन-चार दिवसांत पिवळं पडून गळतं. वांग्याचं फळ न धरलेलं फूल गळलं तर आपल्या लक्षातही येत नाही. काकडीचं गळलं की काकडीच मेल्यासारखी वाटते, आणि मग कुणी पाहिलं, कुणी बोट दाखवलं, याची चौकशी सुरू होते.

या वेलांवर नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात. नर फूल बारीक, सरळ देठावर असतं, त्याखाली काही नसतं. सुरुवातीला बहुधा नर फुलंच येतात आणि पुढेही त्यांचीच संख्या जास्त असते. लोक त्यांना वांझ फुलं म्हणतात आणि खुडून टाकतात. काही फुलं भजीला काढली तर बिघडत नाही, पण सगळी काढलीत तर मादी फुलांना पराग मिळणार कुठून? झाडांमध्येही नर-मादी असतात हे १६९४ साली जर्मनीत रुडॉल्फ कामेरारियस याने प्रयोगांनी दाखवलं होतं. त्याने एरंडाची नर फुलं उमलण्याआधीच काढली आणि एरंडाला बी धरलं नाही. एरंड आपल्या कुंपणाला असतो, हा प्रयोग कुणीही करून पाहू शकतं.

कर्टोलीचं तर आणखी निराळं. तिथे नर वेल वेगळा आणि मादी वेल वेगळा. "याला फळच लागत नाही" म्हणून नर वेल उपटणारे मी पाहिलेत, आणि पुढच्या पावसाळ्यात उरलेल्या वेलांनाही कर्टोली नाहीत म्हणून हळहळणारेही तेच. दहा मादी वेलांमागे एक नर वेल पुरतो, पण तो एक लागतोच.

आता परागाचं वेळापत्रक. भोपळ्याचं फूल पहाटे उमलतं आणि ऊन चढलं की मिटतं. काकडी आणि कारलं सकाळचं. शिराळीची पिवळी फुलं संध्याकाळी उघडतात. दुधीचं पांढरं फूल तिन्हीसांजेला उमलतं आणि त्यावर रात्रीचे पतंग येतात. पडवळाची झालरीसारखी फुलंही रात्रीचीच. दिवसाची फुलं मधमाश्यांवर अवलंबून: सातेरी, फुलोरी, आणि भिंतीच्या भेगेत राहणारी ती इवलीशी पोयाची माशी. श्रावणात कोकणात दिवसचे दिवस झड लागते. माश्या बाहेर पडत नाहीत, पराग भिजून वाया जातो. वेल फुलांनी भरलेला आणि मादी फुलं मात्र पटापट गळताहेत, हे दृश्य नेमकं तेव्हाचं. भाद्रपदात पावसाने उघडीप दिली की तोच वेल, त्याच घरातल्या बोटांसमोर, फळं धरायला लागतो. अर्धवट पराग मिळालेली काकडी एका टोकाला बारीक, वाकडी राहते. तीही बाजारात "वाईट बियाण्याची" ठरते.

माश्या किंवा पतंग नसतील तेव्हा हे काम आपण करायचं. ते तवसं गळल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी वहिनींच्या नातीला आमच्या दुधीकडे नेलं. साडेसहाच्या सुमारास फूल उमलायला लागलं होतं. लांब देठाचं एक नर फूल तोडलं, पांढऱ्या पाकळ्या मागे दुमडल्या, आतला पिवळसर दांडा मोकळा केला आणि तिच्या तळहातावर टेकवला. पिठासारखी पिवळी भुकटी चिकटली. मग मादी फूल शोधलं, खाली बोराएवढी लवदार दुधी असलेलं. त्याच्या मध्यभागी जाडसर, ओलसर कुक्षी असते, तिच्यावर तो दांडा हलकेच फिरवला. एवढंच. देठाला लाल दोरा बांधला. अशी पाच फुलं तिने स्वतः केली, आणि मोजताना प्रत्येकाला सरळ बोट लावून मोजली. तिसऱ्या दिवशी लाल दोऱ्याच्या दुध्या अंगठ्याएवढ्या जाड झाल्या होत्या, देठ फळाच्या ओझ्याने खाली वळत होते. त्यांतली एक पुढे गळली. ते सांगायलाच हवं, कारण वेल स्वतःही आपल्या ताकदीपेक्षा जास्त धरलेली फळं सोडून देतो. उरलेल्या दुध्या पंधरवड्यात भाजीला आल्या.

शंका असेल त्याने हा प्रयोग घरी करावा. वीस मादी फुलं घ्या, दहांना हाताने पराग द्या आणि रोज बोट दाखवा. उरलेल्या दहांकडे कुणाला पाहूही देऊ नका. दोऱ्यांचे रंग वेगळे ठेवा, म्हणजे आठवणीवर विसंबावं लागणार नाही. आपली आठवण बोट दाखवल्यावर गळलेलं फळ तेवढं जपून ठेवते. बोट दाखवूनही पोसलेलं फळ आपण भाजी करून खाल्लेलं असतं.

आता दुसरं कारण. फळ धरलेलं असतं, आठ-दहा दिवसांत चांगलं लांब होतं आणि मग एका बाजूने वाकतं, पिवळं पडतं, आतून सडतं. इथे तर "नजर लागली" याबद्दल कुणाला शंकाच उरत नाही. असं एक तवसं मी वहिनींच्या ओट्यावर विळीने उभं चिरलं. सालीवर टाचणी टोचल्यासारखं एक भोक होतं, त्याभोवती डिंकासारखा वाळलेला थेंब. आत गर पाण्यासारखा, आणि त्यात तांदळाच्या दाण्याएवढ्या पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. त्यांतली एक वाकली आणि टुणकन उडून ओट्याच्या कडेला पडली. वहिनी दोन पावलं मागे सरकल्या. ही फळमाशीची अळी. मादी माशी कोवळ्या फळाला टोचून आत अंडी घालते, एक-दोन दिवसांत अळ्या बाहेर येतात, आतला गर खातात, आणि पूर्ण वाढल्या की फळातून बाहेर पडून मातीत कोषात जातात. म्हणून सडलेलं फळ वेलाखाली टाकलं किंवा वरवर मातीत पुरलं, तर आपण पुढच्या पिढीची सोय करून देतो. असं फळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून दोन-तीन दिवस कडक उन्हात ठेवा, किंवा दीड-दोन फूट खोल पुरा. नवीन फळ अंगठ्याएवढं झालं की कागदाची किंवा जुन्या सुती कापडाची पिशवी चढवा. गंधाचे सापळे मिळतात, पण तिथेही एक गडबड होते. आंब्यासाठीचा मिथाईल युजेनॉलचा सापळा, दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या 'रक्षक' सापळ्यात वापरतात तो गंध, वेलवर्गीय भाज्यांवरच्या माशीला ओढत नाही. तिच्यासाठी क्यू-ल्यूरची गोळी मागून घ्यायची.

आणि आता ज्याबद्दल बोलताना माझा आवाज चढतो ते. बोट दाखवणारं मूल सापडलं नाही की चौकशी बायकांकडे वळते. "कुणी बाहेरची तर गेली नव्हती ना मांडवाखालून?" मी तेरा वर्षांची असताना महिन्यातले चार दिवस मला परसात जायची बंदी होती. मी माजघराच्या खिडकीतून पडवळाचा वेल बघायचे. त्या चार दिवसांतही पडवळं गळायची, आणि तेव्हा मी लांबून पाहिलं असणार, असं म्हणायचे. परसबागेतलं बी टोकणं, पाणी घालणं, आळी करणं, तोडणी, सगळं बहुतेक घरांत बाया करतात. ती बाग महिन्यातले चार दिवस त्यांच्या सावलीने जळते म्हणणं हा त्या कष्टांचा अपमान आहे.

हल्ली या समजाला विज्ञानाची शाल पांघरणारे भेटतात. "परदेशात सिद्ध झालंय, पाळीच्या रक्तात विष असतं." हे कुठून आलं तेही सांगते. १९२० साली व्हिएन्नातल्या बेला शिक या डॉक्टरने, घटसर्पाच्या चाचणीमुळे ज्यांचं नाव वैद्यकात आजही घेतलं जातं त्यांनीच, पाळी चालू असलेल्या मोलकरणीच्या हाती दिलेली फुलं कोमेजल्याचं लिहिलं आणि तिच्या शरीरात 'मेनोटॉक्सिन' नावाचं विष असावं असा तर्क केला. पुढे काहींनी रोपांवर प्रयोगही केले. पण तुलनेची नीट व्यवस्था नसलेले ते प्रयोग टिकले नाहीत आणि शंभर वर्षांत असं विष कुणालाही वेगळं काढून दाखवता आलेलं नाही. मोठ्या माणसाची चूकही चूकच असते.

राहिलेले समज थोडक्यात.

फुलं गळतात म्हणून युरिया घालू नका. जास्त नत्राने पानं माजतात, वेल हिरवागार होतो आणि फळधारणा मागे पडते. त्यापेक्षा दुधीचा शेंडा खुडा, बाजूच्या फांद्यांवर मादी फुलं जास्त येतात.

भर दुपारी पाणी घातलं तर थेंब भिंगासारखे काम करून पानं जाळतात, हे पाठ्यपुस्तकासारखं सांगितलं जातं. बुडापेस्टच्या संशोधकांनी हे मोजून पाहिलं आणि २०१० साली 'न्यू फायटॉलॉजिस्ट'मध्ये छापलं: गुळगुळीत पानांवरचे थेंब पान भाजत नाहीत. लवदार पानांवर लवेच्या टोकावर तरंगणाऱ्या थेंबाने ते तत्त्वतः होऊ शकतं, पण असा थेंब सहसा टिकत नाही. दुपारी पाणी टाळायचं ते वाफ होऊन वाया जातं म्हणून.

टोमॅटोचं बूड काळं पडलं की अंड्याची टरफलं टाकतात. ती महिनोन् महिने कुजत नाहीत. बहुतेक वेळा पाणी कधी भरपूर, कधी कोरडं असं झाल्याने फळापर्यंत कॅल्शियम पोचत नाही. पाणी नियमित करा.

संकरित भाजीचं बी घरी धरून पुढच्या वर्षी तेच पीक येत नाही. बी राखायचं असेल तर गावरान वाण घ्या. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी अशाच वाणांची बियाणे बँक उभी केली.

तंबाखूचा काढा घरगुती म्हणून निरुपद्रवी समजू नका. निकोटीन जहाल विष आहे, ते त्वचेतूनही शरीरात जातं. खायच्या भाजीवर तो मुळीच फवारू नये.

काकडीचं डेख कापून चोळल्याने आतला कडूपणा ओढला जात नाही. कडूपणा देठाकडे आणि सालीखाली जास्त असतो, म्हणून तो भाग काढून टाकल्यानेच काय तो फरक पडतो.

शेवटचा समज मात्र एका ओळीत सोडण्यासारखा नाही, कारण त्याने माणसं दगावली आहेत. "कडू दुधीचा रस औषधी, मधुमेहाला चांगला." २०१० साली दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा कडू दुधीचा रस पिऊन मृत्यू झाला, त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली. दुधीतली कडू द्रव्यं, कुकुर्बिटॅसिन, पोटात गेली की जोराच्या उलट्या, रक्ताची उलटी, रक्तदाब कोसळणं असं होऊ शकतं, आणि त्यावर उतारा नाही. परसातली दुधीही कडू निघू शकते, विशेषतः बी आपोआप पडून उगवलेल्या वेलाची. बाहेरून पाहून ती ओळखता येत नाही. म्हणून चिरल्यावर छोटासा तुकडा जिभेवर ठेवून पाहा. कडू लागला तर थुंका, चूळ भरा आणि आख्खी दुधी टाकून द्या. शिजवून, मीठ लावून, गूळ घालून ती खाण्यालायक होत नाही. चुकून खाल्ली गेली आणि उलट्या सुरू झाल्या, तर घरगुती उपायात वेळ न घालवता तडक दवाखाना गाठा आणि डॉक्टरांना सांगा की दुधी कडू होती.